बेळगावहून अणशी-दांडेलीच्या जंगलात: मुलाबाळांसह पहिला तंबूमुक्काम

सुट्टी जवळ आली की आमच्या वडगावात ठरलेली बोलणी सुरू होतात. कुणी गोव्याला निघतं, कुणी जोतिबाला. गेली सहा वर्षं आमच्या घरानं मात्र तिसरी वाट धरली आहे, खानापूर ओलांडून काळी नदीच्या जंगलाची. आम्ही पाच माणसं: मी, मुलांचे बाबा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. दर वर्षी शेजारपाजारचं कुणीतरी येऊन तेच प्रश्न विचारतं. तंबू आपलाच न्यायचा का? वाघ दिसतो का? म्हातारं माणूस नेलं तर चालेल का? तीन तासांवर एवढं मोठं रान आहे आणि आपल्या बेळगावच्या कितीतरी मुलांनी ते पाहिलेलंच नाही, याची मला खंत वाटते. म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी नावांचा गोंधळ निस्तरून घ्या

आरक्षण करताना, पाट्या वाचताना तुम्हाला तीन नावं भेटतील. दांडेली अभयारण्य १९५६ साली जाहीर झालं. अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली. २००७ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ च्या अखेरीस त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालं. सगळं मिळून सुमारे १३०० चौरस किलोमीटर रान, त्यातलं जवळपास ३४० चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यानाचं. हे सांगायचं कारण असं की दांडेलीला पोहोचल्यावर लोक विचारतात, “अणशी कुठं आहे?” अणशी जोयड्याच्याही पुढं, कारवारच्या घाटाकडं आहे. दांडेली शहर, कुळगीचा कॅम्प, फणसोलीची सफारी हे सगळं उत्तरेकडच्या भागात येतं. एका मुक्कामात दोन्हीकडं पळायला गेलात तर जंगल गाडीच्या काचेतूनच बघावं लागेल. पहिल्या खेपेला एकच बाजू निवडा.

दोन्ही बाजूंचं रानही वेगळं आहे. दांडेलीकडं साग, बांबू, ऐन, किंदळ, नाणा अशी पानगळीची झाडं जास्त, म्हणून उन्हाळ्यात आत खोलवर नजर जाते. अणशीकडं पाऊस जास्त, झाडी दाट आणि बारमाही हिरवी, दिवसासुद्धा खाली अंधारं वाटतं. लहान मुलं सोबत असतील तर मी दांडेलीची बाजू सुचवते. दवाखाना, पेट्रोल पंप, एटीएम सगळं हाताशी असतं.

तंबू कुठं चालतो, कुठं नाही

इथं बहुतेकांची गल्लत होते. ओढ्याकाठी छान जागा दिसली आणि ठोकला तंबू, असं राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं परवानगीशिवाय आत शिरायलाच बंदी आहे, आणि आत चूल किंवा शेकोटी पेटवणं हाही गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून पुढं रान इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं डोंगरच्या डोंगर जळून जातो. त्या आगीत जमिनीवरच्या घरट्यांतली पिल्लं, कासवं, सरपटणारे जीव कुठं पळणार?

मग तंबूत राहायचं कसं? दोन सरळ मार्ग आहेत. पहिला म्हणजे वनखात्याचे निसर्ग शिबिराचे मुक्काम. दांडेलीपासून बारा-तेरा किलोमीटरवर कुळगीला असं शिबिर आहे, तिथं खात्यानंच उभे केलेले तंबू आहेत, आत खाटा, गाद्या, पांघरुणं. दुसरा मार्ग म्हणजे गणेशगुडी, जोयडा या भागातले घरगुती मुक्काम. हे लोक आपल्या मालकीच्या जागेत, अंगणात किंवा सुपारीच्या बागेत तंबू लावू देतात. आपला तंबू नेण्याची हौस असेल तर ती इथं भागवा.

आमच्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे तुमचे पैसे आणि सुट्टी वाचेल. फोनवर बोलून एका नदीकाठच्या जागेला आगाऊ रक्कम पाठवली. पोहोचलो तर तंबूंच्या मधोमध मोठे स्पीकर लावलेले, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत नाचगाणी. धाकटी घाबरून रडत होती, सासूबाई रात्रभर बसून होत्या. सकाळी एक पाखरू आसपास नव्हतं. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारते आणि उत्तरं मेसेजवर लिहून मागते. तुमची नोंदणी वनखात्याकडं किंवा पर्यटन खात्याकडं आहे का? अंधार पडल्यावर गाणी आणि मोठे दिवे बंद असतात का? तंबूपासून संडास किती पावलांवर आहे? तिसरा प्रश्न लोकांना किरकोळ वाटतो. रात्री दोन वाजता सहा वर्षांचं मूल आणि सत्तरीचं माणूस दोघांनाही उठावं लागतं, तेव्हा त्याची किंमत कळते.

तारीख

आपल्याकडच्या मराठी शाळांनाही कर्नाटकाचंच वेळापत्रक असतं. दसऱ्याची सुट्टी ऑक्टोबरात, उन्हाळ्याची एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून. दोन्ही वेळा जंगलासाठी जमण्यासारख्या आहेत, पण उत्तम नाहीत. दसऱ्याला पाऊस पुरता सरलेला नसतो, वाटा निसरड्या आणि जळवा भरपूर. उन्हाळ्यात पाणवठ्यावर जनावरं दिसण्याची शक्यता वाढते, मात्र उकाडा असतो आणि गोचिडांचाही जोर असतो. त्याबद्दल पुढं लिहिते.

माझ्या मते नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरचा मध्य हा सगळ्यात चांगला काळ. हवा थंड, ओढे वाहते, किंदळाची झाडं तांबूस फळांनी भरून आलेली. शाळेचे एक-दोन दिवस बुडतील, पण शनिवार-रविवार टाळून गेलात तर सफारीला जागा मिळते आणि रस्ते मोकळे असतात. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मी पूर्णपणे टाळते. माघी पौर्णिमेच्या सुमारास जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: तेव्हा जोयडा तालुक्यातल्या उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांची जत्रा असते, आपल्या बेळगाव-धारवाडकडून सजवलेल्या बैलगाड्या रांगेनं जंगलातून जातात. तो देखावा मुलांना आयुष्यभर आठवेल असा असतो, पण त्या दिवसांत मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते.

जून ते सप्टेंबर या भागात धो धो पाऊस असतो आणि सफारी बंद राहते. लहान मुलांना घेऊन तंबूमुक्कामाचा विचार तेव्हा करू नका.

घरच्या गच्चीवर तालीम

निघण्याआधी पंधरा दिवस एक रात्र गच्चीवर झोपा. तंबू असेल तर तंबूत, नसेल तर नुसत्या चटया आणि वाकळा टाकून. घरातले सगळे दिवे बंद करा, मोबाइल खाली ठेवा.

आम्ही हे केलं तेव्हा धाकटीला अंधाराची भीती वाटत होती. तिच्या हातात तिची स्वतःची छोटी टॉर्च दिली आणि सांगितलं, हवी तेव्हा लाव. पहिला तासभर ती सारखी लावत-विझवत होती. मग तिनं विचारलं, हा टक् टक् आवाज कुणाचा? पिंगळा नव्हता, शेजारच्या टाकीच्या नळातून पाणी ठिबकत होतं. मग आम्ही सगळे डोळे मिटून एकेक आवाज ओळखायला लागलो. लांबची रेल्वे, कुत्री, कुणाच्या तरी घरातला खोकला. सासूबाईंनी वटवाघळाचा पंख ऐकला, तो आमच्यापैकी कुणालाच ऐकू आला नव्हता. पुढं कुळगीत पहिल्या रात्री तंबूबाहेर पाचोळा वाजला तेव्हा तीच मुलगी टॉर्च न लावता कान देऊन पडून राहिली.

तालमीत आणखी काही गोष्टी कळतात. थंडीला पांघरूण पुरतं का, कुणाला खाली झोपल्यावर कंबर धरते, औषधाची वेळ चुकते का. जंगलात कळण्यापेक्षा हे घरी कळलेलं बरं. सासूबाईंसाठी आम्ही तेव्हापासून घडीची खुर्ची आणि जाड गादी नेतो.

पिशव्या भरताना

कपडे मातकट, हिरवट, राखाडी रंगांचे घ्या. पांढरा आणि भडक लाल नको. प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, लांब विजार आणि उंच मोजे. साडी नेसणाऱ्यांनीसुद्धा आत मोजे घालावेत. डिसेंबरात दहिवर इतकं पडतं की पहाटे तंबूचं कापड ठिबकतं, म्हणून स्वेटर, कानटोपी आणि प्रत्येकामागे एक वाकळ हवीच. सफारीच्या उघड्या जीपमध्ये सकाळचा वारा फार बोचतो.

प्रत्येकाची टॉर्च वेगळी ठेवा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबरानं बांधला तर उजेड सौम्य होतो आणि डोळे अंधाराला सरावलेले राहतात. दुर्बीण एक असली तरी पुरे. मुलाला साधी वही आणि पेन्सिल द्या. मोठ्यांची आधार कार्डं, आरक्षणाचा छापील कागद, गाडीची कागदपत्रं एकाच पिशवीत राहू द्या, कारण आत गेल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. घरी कुणाला तरी मुक्कामाचं नाव आणि परतीचा दिवस सांगून निघा.

औषधांच्या डब्यात नेहमीच्या गोळ्या, ओआरएस, जंतुनाशक मलम, पट्ट्या, बारीक टोकाचा चिमटा आणि डासांचं मलम. सुगंधी तेलं, अत्तर, बॉडी स्प्रे घरीच राहू द्या. कड्याकपारींत आग्या मोहोळं असतात आणि मधमाश्या उग्र वासानं बिथरतात.

खाण्याचं

वनखात्याच्या शिबिरात जेवण मिळतं, साधं आणि वेळेवर: भात, सांबार, चपाती, भाजी. त्यामुळं गॅस, भांडी असा संसार नेऊ नका. वाटेसाठी आणि मधल्या वेळेसाठी मात्र घरचं हवं. आम्ही जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगांची चटणी, दशम्या, चिरमुरे, केळी आणि बेळगावचा कुंदा नेतो. कडक भाकरी तीन दिवस टिकते, चुरा झाली तरी वाया जात नाही.

एक नियम घरातल्या सगळ्यांकडून वदवून घ्या: तंबूत खायचं नाही आणि खाण्याची वस्तू तंबूत ठेवायची नाही. वासानं मुंग्या येतात, उंदीर येतात, उंदरामागं साप येतो. माकडं तर तंबूची चेन उघडायला शिकलेली असतात. डबे गाडीच्या डिकीत बंद करून ठेवा. माकडाला एक बिस्किट दिलंत तर उद्या ते दुसऱ्याच्या मुलाच्या हातातून हिसकावून घेईल.

पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या भरून न्या. प्लास्टिकच्या पिशव्या, वेष्टनं जितकी नेली तितकी मोजून परत आणा. आमचा मुलगा वहीत ती मोजदाद ठेवतो.

रस्ता

बेळगावहून दांडेली शंभर-सव्वाशे किलोमीटर धरा. खानापूर, नंदगड, हल्याळ अशी एक वाट आहे. नंदगडला गाडी थांबवाच. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी तिथं फाशी दिलं, त्यांची समाधी आहे. पाच मिनिटं मुलांना तिथं उभं करा, वेळ वाया गेला असं वाटणार नाही. जोयडा-अणशीकडं जायचं असेल तर खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी ही दुसरी वाट. काळी नदीवरच्या सुप्याच्या धरणात जुनं सुपा गाव आणि आजूबाजूच्या वाड्या पाण्याखाली गेल्या, त्यातली कितीतरी घरं रामनगरला येऊन वसली. तिथं चहाला थांबलात तर आपल्याच बोलीत गप्पा होतात.

सकाळी सातला निघा, म्हणजे दुपारच्या जेवणाआधी मुक्कामी पोहोचाल. उशिरा निघून अंधारात जंगलाचा रस्ता गाठू नका. रात्री काही रस्त्यांवर फाटक बंद असतं, आणि उघडं असलं तरी गवे रस्त्यावर उभे असतात. पेट्रोल आणि रोख पैसे दांडेलीतच घ्या.

पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. मुलांना शाळेत कन्नड आहेच, त्यांना वाचायला लावा. “निधानवागि चलिसी” म्हणजे हळू चालवा. “अपाय” म्हणजे धोका, आपल्या अपायाच्या जवळचाच शब्द. वनरक्षकांशी कन्नडमध्ये दोन शब्द बोललात तर ते मनापासून माहिती देतात. जोयड्याकडच्या गावांत कुणबी आणि गवळी घरं आहेत, त्यांच्याशी कोकणी-मराठीत सहज बोलता येतं. थंडीत तिथं कोनफळ, सुरण, कणगं असे कंद विकायला असतात. आमच्या परतीच्या पिशवीत ते असतातच.

रस्त्यात गवा किंवा हत्ती दिसला तर लांबच गाडी थांबवा. हॉर्न नको, उतरायचं नाही, काच खाली करून आरडाओरडा नको. तो बाजूला झाल्यावर आणखी थोडं थांबा, कारण मागून कळपातली बाकीची येत असतात. याच रानातले हत्ती आपल्या खानापूर तालुक्यातल्या भातशेतीत येतात आणि चंदगड, दोडामार्गापर्यंत गेले आहेत. ते शेतकऱ्याचं नुकसान करतात हे खरं, तशीच त्यांची जुनी वाट आपण अडवली हेही खरं. मुलांना दोन्ही सांगा.

सफारी

आरक्षण आधी करून ठेवा. फेऱ्या सकाळी उजाडताना आणि दुपार कलल्यावर असतात. सकाळची घ्या. लहान मुलांना अर्धपोटी न्या, गच्च नाश्ता करून खडबडीत रस्त्यावर त्यांना उलटी होते.

वाघाबद्दल स्पष्ट सांगते. या रानात वाघ आहेत, बिबटे आहेत, काळा बिबट्याही आहे. पण झाडी दाट आणि डोंगराळ, त्यामुळं नागरहोळे-काबिनीकडं दिसतात तसे ते इथं दिसत नाहीत. आम्ही सहा वर्षांत एकदाही वाघ पाहिला नाही. पंजाचा ठसा दोनदा पाहिला, ओल्या मातीत, माझ्या तळहाताएवढा. गाईडनं त्याच्याभोवती काडीनं चौकोन आखला आणि मुलं पंधरा मिनिटं तिथंच खिळून राहिली. मुलांना घरूनच “वाघ दाखवतो” असं आमिष दाखवू नका. तसं केलं की चितळ, गवे, शेकरू, रानकोंबडा सगळं समोर असून त्यांना काहीच दिसलं नाही असं वाटतं. गाईडला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला वाघाची घाई नाही, जे दिसेल तिथं थांबवा. त्याच्याही अंगातली घाई उतरते आणि मग तो खरं जंगल दाखवायला लागतो.

एका जागी बसणं

या लेखातलं एकच करायचं असेल तर हे करा. दोन रात्रींच्या मुक्कामात एक अख्खी सकाळ कुठंही न जाता काढा.

दांडेलीत लाकडांचा जुना डेपो आहे, त्याच्या परिसरात आणि गणेशगुडीच्या बाजूला उंबर, वड, नांद्रुकाची झाडं आहेत. फळं पिकली की तिथं धनेश येतात. तिसऱ्या वर्षी आम्ही अशाच एका झाडापासून लांब, सासूबाईंच्या घडीच्या खुर्चीभोवती चटई टाकून बसलो. पहिली वीस मिनिटं काही नाही. मुलगा चुळबुळत होता. सासूबाई हळूच म्हणाल्या, “गप बस बाळा, झाडाला आपली सवय होऊ दे.” मग आधी हरोळ्या आल्या, मग एक शेकरू, तांबडी शेपटी लोंबकळवत. आणि नंतर डोक्यावरून असा आवाज आला की कुणीतरी मोठं सूप पाखडतंय. मोठा धनेश उतरला. पिवळी अवजड चोच, वर टोपी ठेवल्यासारखं शिंग. तो चोचीच्या टोकात एकच फळ अगदी अलगद धरायचा, वर उडवायचा आणि घशात झेलायचा. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. धाकटी बोटांवर मोजत होती.

नंतर गाईडनं सांगितलं की उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून बंद करते, बारीक फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला आणि पिल्लांना महिनोन् महिने भरवतो. नर मेला तर ढोलीतलं सगळं कुटुंब उपाशी. परतताना मुलगा गाडीत बोलतच नव्हता. हल्याळच्या पुढं आल्यावर त्यानं विचारलं, जुनी झाडं तोडली तर ढोल्या कुठून येणार?

बसायला जाताना नाश्ता बरोबर नेऊ नका, नुसतं पाणी. बोलणं कुजबुजीत. पक्ष्यांना बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज लावू नका, विणीच्या दिवसांत त्यानं त्यांची फार ससेहोलपट होते.

नदी आणि कातळ

काळी नदी पाहिली की पाण्यात उतरावंसं वाटतं. दांडेलीच्या आसपास नदीत मगरी आहेत. काठावर हात धुवायलासुद्धा मुलांना एकटं सोडू नका. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नसतो. सुप्याचं धरण १०१ मीटर उंच आहे आणि तिथं वीज तयार होते. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की खाली नदी बघता बघता चढते. आभाळ निरभ्र, पाऊस नाही, आणि मगाशी कोरडा असलेला खडक पाण्याखाली. म्हणून गणेशगुडीच्या खालच्या अंगाला नदीतल्या खडकांवर जाऊन फोटो काढू नका.

राफ्टिंग मोठ्या मुलांना जमतं. लाइफ जॅकेट अंगाला घट्ट बसतं का, बोटीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं भरलीत का, हे स्वतः बघा. शंका आली तर पैसे गेले तरी उतरा.

सिंथेरी रॉक हा कानेरी नदीकाठचा सुमारे तीनशे फुटी एकसंध कातळ. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावा. कातळाला मोहोळं लगडलेली असतात, तिथं ओरडणं आणि धूर कटाक्षानं टाळा.

गोचीड, जळवा, साप

या उत्तर कन्नड जिल्ह्यात माकडताप होतो. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून डॉक्टर त्याला क्यासनूर ताप म्हणतात. विषाणू गोचिडांतून येतो, डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. घाबरून घरी बसायचं कारण नाही, शिस्त मात्र पाळा. विजारीचे पाय मोज्यांत खोचा. पाचोळ्यावर थेट बसू नका, चटई हवी. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनरक्षकाला कळवा.

रोज संध्याकाळी मुलांना उजेडात उभं करून अंग तपासा: कानामागं, काखेत, जांघेत, गुडघ्यामागं, केसांत. आमच्याकडं हे काम सासूबाईंकडं आहे, चष्मा लावून तेलाचा हात फिरवत त्या इंच न् इंच तपासतात. एकदा मुलाच्या मानेवर तिळाएवढी गोचीड सापडली. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, चिरडायची नाही, मग जागा साबणानं धुवायची. घरी आल्यावर तारीख लिहून ठेवा. चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येऊ शकतो. जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की जंगलात जाऊन आलो आहोत. हे न सांगितल्यानं निदानाला उशीर होतो.

जळवा धोकादायक नाहीत. मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी लावली की सुटतात, ओढून काढू नका.

साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला आडवं करून थेट सरकारी दवाखान्यात न्या. दांडेली, हल्याळ, जोयडा इथं दवाखाने आहेत, रुग्णवाहिकेसाठी १०८. रात्री तंबूबाहेर पाऊल टाकताना आधी टॉर्च, मग बूट झटकायचे, मग पाय.

एवढंही जमणार नसेल तर

मूल फारच लहान असेल किंवा एकाच रात्रीची सवड असेल तर आपल्या खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य जवळ आहे. हेम्माडग्याला वनखात्याचं शिबिर आहे. हे अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादई नदीचा उगम याच डोंगरांत, आणि इथल्या बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं एक वटवाघूळ राहतं. त्या गुहांत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जायचा हट्टही धरू नका. शिबिरापाशी संध्याकाळी नुसतं बसलात तरी पहिल्या खेपेला पुष्कळ आहे.

निघताना आणि घरी आल्यावर

तंबू सोडण्याआधी मुलांना घेऊन चारही बाजूंनी फिरा, रबर, वेष्टन, टिकली, काहीही राहिलेलं उचला. पीस, शिंग, बी, दगड काही घरी आणायचं नाही, तो नियम आहे. धाकटीला धनेशाचं पीस सापडलं होतं. तिनं वहीत त्याचं चित्र काढलं आणि पीस होतं तिथंच पानावर ठेवून आली.

घरी पोहोचल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका, बूट गच्चीवर झटका. स्वतःचा तंबू असेल तर तो त्याच दिवशी उघडून उन्हात टाका. दहिवरानं भिजलेला तसाच गुंडाळून ठेवला की आठवड्यात बुरशी धरते, आणि शिवणींच्या कोपऱ्यांत अडकलेल्या गोचिडा घरात येतात. दोन दिवस कडक ऊन दाखवा, मधे एकदा उलटा करा, कोपरे ब्रशनं झाडा, मगच घडी घाला.